पंच चोर आहे?

(स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरचे सर, बाई, आणि पंख्याखालच्या जागा आधीच धरून बसलेल्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि काम दिलंय बॅचच्या ग्रुपवरचं भांडण मिटवण्याचं. वीस मिनिटांत ते मिटणार नाही. पण ज्यांना हे भांडण कशावरून चालतं तेच माहीत नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. आपल्या ग्रुपवर सात-आठ जण असे आहेत की ज्यांना सुविचारांत रस नाही, वाढदिवसाच्या केकमध्ये नाही. त्यांचा जीव 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स'मध्ये. ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र, अष्टकोनी जाळीच्या पिंजऱ्यात. अमेरिकेत शनिवारची रात्र असते तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ. पोह्यांची बशी हातात घेऊन ही मंडळी किताबाची लढत बघतात आणि निकाल लागला की दहा मिनिटांत ग्रुपवर पहिला मेसेज येतो, "पंच चोर आहे." गेल्या वर्षी याच वाक्यावरून दोघं ग्रुप सोडून गेले. एक डॉक्टर, एक बँकेतला. दोघंही आज इथे आहेत, वेगवेगळ्या रांगांत बसलेत, मला दिसतायत.

हे काम माझ्याकडे आलं, कारण मी गेली बावीस वर्षं कुस्तीचा पंच आहे. जत्रेतल्या आखाड्यांपासून जिल्ह्याच्या स्पर्धांपर्यंत. 'चोर' हा शब्द मी मराठीत, हिंदीत आणि एकदा कानडीतही ऐकलाय.

पहिली गोष्ट. त्या पिंजऱ्यात जो काळा शर्ट घालून उभा असतो, तो गुण देतच नाही. हे आपल्या निम्म्या तज्ज्ञांना माहीत नाही. आत असतो तो पंच. लढत नियमाने चालवणं आणि वेळ आली की थांबवणं एवढं त्याचं काम. गुण देतात जाळीबाहेर तीन बाजूंना बसलेले तीन परीक्षक. ते आपापसांत बोलत नाहीत, एकमेकांचे कागद बघत नाहीत. आणि यूएफसीची कंपनी त्यांना नेमत नाही, अमेरिकेत त्या त्या राज्याचा क्रीडा आयोग नेमतो. म्हणजे गुणांवरच्या निकालासाठी पंचाला शिव्या घालणं म्हणजे पेपर कडक तपासला म्हणून परीक्षेच्या वर्गातल्या पर्यवेक्षकाला मारण्यासारखं आहे.

सुरुवातीला तर परीक्षकच नव्हते. १९९३ साली डेन्व्हरला पहिली स्पर्धा झाली तेव्हा गुण नाहीत, परीक्षक नाहीत. एक जण हरेपर्यंत लढायचं. आपल्या जुन्या निकाली कुस्तीसारखंच. मग १९९५ मध्ये रॉयस ग्रेसी आणि केन शॅमरॉक छत्तीस मिनिटं एकमेकांना बिलगून पडून राहिले आणि लढत बरोबरीत सोडवावी लागली. आपल्याकडे अशा कुस्त्या झाल्या की लोक म्हणायचे, "वस्ताद, जोड सोडवा आता, दिवे लावायची वेळ झाली." तिकडे तिकीट काढून आलेले लोक ऐकेनात, त्यानंतर लवकरच परीक्षक आले. आणि परीक्षक आले तसा वाद आला.

आता ते गुण कसे देतात बघा. किताबाची लढत पाच फेऱ्यांची, फेरी पाच मिनिटांची. फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ. फारच धुतला असेल तर आठ. आणि इथेच सगळी गंमत आहे. एका फेरीत मी तुम्हाला केसाएवढ्या फरकाने हरवलं तरी दहा-नऊ, आणि पुढच्या फेरीत तुम्ही मला चांगलं बडवलं तरीही बहुतेक वेळा दहा-नऊच. तीन फेऱ्या केसाएवढ्या फरकाने जिंकलेला माणूस दोन फेऱ्या मार खाऊनही अठ्ठेचाळीस-सत्तेचाळीस असा जिंकतो. बघणाऱ्याच्या मनात मात्र उरतो तो मार.

८ फेब्रुवारी २०२०, ह्यूस्टन. जॉन जोन्स विरुद्ध डॉमिनिक रेयेस. जोन्स म्हणजे या खेळातला अनेकांच्या मते सर्वांत मोठा मल्ल, आणि रेयेसने त्याला पहिल्या तीन फेऱ्यांत असा दमवला की लोक टीव्हीसमोर उभे राहिले. चौथी आणि पाचवी जोन्सची, त्यावर कोणाचंच दुमत नाही. मग तुम्ही पहिल्या तिन्ही रेयेसला दिल्या तर तो विजेता. तिघांतली एक जरी जोन्सला दिलीत तर जोन्स. दोन परीक्षकांनी ४८-४७ लिहिलं, तिसऱ्याने ४९-४६. तिन्ही कागद जोन्सकडे. आमचे डॉक्टर त्या दिवशीपासून रेयेसचे वकील आहेत. माझं स्वतःचं मत विचाराल तर ४८-४७ मी समजू शकतो, माझा कागद वेगळा असता तरी. ४९-४६ मला समजत नाही. त्या कागदाप्रमाणे रेयेसने पाचांतली एकच फेरी जिंकली. तो माणूस माझ्याच लढतीकडे बघत होता का, असं वाटतं. पण चुकीचा कागद आणि चोरी यांत फरक आहे, आणि ग्रुपवर तो फरक कोणी करत नाही.

तीन परीक्षक तीन बाजूंना बसतात हे मघाशी बोललो. जाळीचा खांब मध्ये येतो, लढणाऱ्याची पाठ तुमच्याकडे असते, ठोसा लागला की हातावर अडला हे दिसत नाही. आता समोर पडदे असतात, तरी माणूस आधी जिवंत लढतीकडेच बघतो. आपल्या पूजा तोमरचं उदाहरण घ्या. ८ जून २०२४, लुईव्हिल. यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय स्त्री. आपण सगळ्यांनी ग्रुपवर तिरंगे टाकले, अगदी सुविचारवाल्यांनीसुद्धा. त्या लढतीचे कागद कोणी बघितले का? एका परीक्षकाने ३०-२७ पूजाला दिले. म्हणजे तिन्ही फेऱ्या तिच्या. दुसऱ्याने २७-३०. म्हणजे तिन्ही फेऱ्या ब्राझीलच्या मुलीच्या! तिसऱ्याने २९-२८ पूजाला, म्हणून आपण जिंकलो. तीच पंधरा मिनिटं, तोच पिंजरा. त्या दिवशी आपल्या ग्रुपवर "पंच चोर" असं कोणीच लिहिलं नाही. (हशा)

परीक्षकांचा निकाल पटला नाही तर दुसरा रस्ता असतो. २००९ मध्ये लॉस एंजेलिसला ल्योटो माचिदा आणि 'शोगुन' हुआ लढले. तिन्ही कागद ४८-४७ माचिदाकडे, आणि अख्खं सभागृह ओरडत होतं. पुढच्या मे महिन्यात माँट्रियलला दोघं पुन्हा उभे केले. शोगुनने पहिल्याच फेरीत माचिदाला झोपवला. आपल्याकडेही बघा, जानेवारी २०२३ मध्ये पुण्याला महाराष्ट्र केसरीत माती विभागाच्या लढतीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला बाहेरची टांग लावली आणि पंचांनी चार गुण दिले. डाव पूर्ण बसला का अर्धवट, चार की दोन, यावर महाराष्ट्रभर पंधरा दिवस रण पेटलं. पान टपरीवर, एसटीत, बारशाला. सिकंदर त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावच्या मैदानात उतरला आणि गदा घेऊन गेला.

पण मधल्या काळात काय झालं? पुण्याच्या त्या पंचांना फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांत गेली. आणि २०२५ ला अहिल्यानगरला गादी विभागाच्या लढतीत चितपट दिल्यावर हरलेल्या मल्लाने पंचांना लाथ मारली. खांदे टेकले नव्हते, असं त्याचं म्हणणं. टेकले असतील, नसतीलही. व्हिडिओ मीही पंचवीस वेळा पाहिलाय आणि माझं एक मत आहे, ते मी सांगणार नाही, कारण मग आपण जेवायला जाणार नाही. तीन वर्षांची बंदी लागली. ती योग्यच होती.

आता मी ज्या गोष्टीसाठी इथे उभा राहायला तयार झालो ती सांगतो. गुणांचं सोडा. पंचाचं खरं काम थांबवण्याचं.

१९ जून २००४, लास व्हेगास. हेवीवेट किताब रिकामा होता, त्यासाठी फ्रँक मीर आणि टिम सिल्विया. सिल्विया पावणेसात फुटांचा धिप्पाड गडी. मीरने खाली पडल्या पडल्या त्याचा हात दोन्ही पायांत धरला आणि कोपरावर ताण दिला. एक मिनिटही झालं नव्हतं. सिल्वियाने हार मानली नव्हती, हाताने थापही मारली नव्हती. आणि पंच हर्ब डीन अचानक मध्ये घुसला आणि त्याने लढत थांबवली. सिल्विया चिडला. माझा हात ठणठणीत आहे, म्हणून वाद घालू लागला. लोक हुर्यो उडवू लागले. चोर, चोर. डीन आपला शांतपणे हात दाखवत सांगतोय, तुटलाय. मग वरच्या मोठ्या पडद्यावर पुन्हा दाखवलं आणि कोपराच्या खाली, जिथे सांधा नसतो तिथे, हात वाकलेला सगळ्यांना दिसला. सभागृह जागच्या जागी गप्प झालं. हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया करून पट्ट्या बसवाव्या लागल्या. तोच सिल्विया २००६ मध्ये पुन्हा विजेता झाला. दोन्ही हातांनी.

त्या क्षणी हजारो लोकांत एका माणसाला ते दिसलं. ज्याचा हात होता त्यालासुद्धा नाही.

आता लगेच हर्ब डीनला देव करू नका. २०१९ च्या मार्चमध्ये रॉबी लॉलर आणि बेन आस्क्रेन यांच्या लढतीत आस्क्रेनने गळा आवळला, लॉलरचा हात सैल पडला, डीनला वाटलं शुद्ध गेली, त्याने थांबवली. लॉलर ताडकन उठून उभा. शुद्धीवर होता. तेच डोळे, तीच घाई, पण या वेळी वाद आजतागायत मिटलेला नाही. मी पंच म्हणून दोन्हीकडे बघतो तेव्हा मला एवढंच दिसतं, की दोन्ही वेळा त्याला निर्णयाला एक सेकंदही नव्हता आणि दोन्ही वेळा त्याने मानेच्या आणि हाताच्या बाजूने निर्णय दिला, तिकिटाच्या बाजूने नाही. थांबवायला उशीर केला असता तर ग्रुपवर कोणी काही लिहिलं नसतं. उशिराबद्दल शिव्या बसत नाहीत, कारण उशीर मनोरंजक असतो.

नियमभंगाचंही तसंच. मार्च २०२१, प्योत्र यान किताब राखून होता, चौथ्या फेरीत अल्जमेन स्टर्लिंगचा गुडघा जमिनीवर टेकलेला असताना त्याने त्याच्या डोक्यात गुडघा घातला. स्टर्लिंग उठू शकला नाही, पंचाने यानला बाद केलं, आणि यूएफसीत पहिल्यांदाच किताब असा बाद होण्याने हातातून गेला. बँकेतले साहेब अजून म्हणतात, स्टर्लिंगने नाटक केलं. मी म्हणतो, केलं असेल. पण गुडघा कोणी घातला? नियम पाहुण्यासाठी एक आणि जावयासाठी दुसरा असं चालत नाही. पुढच्या वर्षी दोघं पुन्हा लढले, स्टर्लिंग जिंकला, तोही दोन परीक्षक विरुद्ध एक. भांडण पुन्हा सुरू.

मला भांडणाची हरकत नाही. भांडणाशिवाय कुस्ती बघणं म्हणजे मिठाशिवाय पिठलं. हरकत पुढच्या गोष्टीची आहे. माझ्या हाताखाली दोन वर्षांपूर्वी एक मुलगी पंच म्हणून तयार होत होती. स्वतः खेळलेली, नियम तोंडपाठ, आवाज खणखणीत. एका गावच्या मैदानात तिने तेवीस सेकंदांवर एक कुस्ती थांबवली, कारण खालच्या पोराची मान दुमडली होती आणि वरच्याला ते कळत नव्हतं. पोरगा सतरा वर्षांचा. गावाचा लाडका. संध्याकाळपर्यंत ती क्लिप हळू गतीने, गाणं लावून, तिच्या नावासकट फिरत होती. खाली काय लिहिलं होतं ते मी बाईंसमोर बोलू शकत नाही. त्या पोराच्या आईने मला फोन करून तिचे आभार मानले, ते मी तिला कळवलं. पुढच्या हंगामात ती आली नाही. तिच्या घरच्यांनी पाठवली नाही. माझ्याकडे आज जिल्ह्यात चाळिशीच्या आतले पंच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि मैदानं दरवर्षी वाढतायत. ज्या मैदानात पंच मिळत नाही तिथे हौसेने कोणीतरी शिट्टी घेतं. मान दुमडलेली त्याला दिसेल का, माहीत नाही.

असो. सर घड्याळाकडे बघतायत, ती सवय त्यांची गेलेली नाही.

अमेरिकेत कॅन्सस राज्यात २०२० पासून एक प्रयोग करू देतात. प्रत्येक फेरीनंतर परीक्षकांचे गुण जाहीर करायचे, म्हणजे शेवटी धक्का नको. मला तो फारसा पटत नाही, पुढे असलेला मल्ल पाचव्या फेरीत पळत सुटेल. पण आपण आज दुपारी वेगळा प्रयोग करणार आहोत. दहावी 'क'च्या वर्गात पडदा लावलाय. जोन्स आणि रेयेसची लढत, पाचही फेऱ्या, आवाज बंद. समालोचक नाहीत, आरडाओरडा नाही. प्रत्येकाला एक कागद आणि एक पेन्सिल मिळेल. फेरी संपली की आकडा लिहायचा, घडी घालायची आणि पुढे द्यायचा. खोडरबर मिळणार नाही. बोलायचं नाही. डॉक्टर पहिल्या बाकावर डावीकडे बसतील, बँकेतले साहेब उजवीकडे, आणि मागच्या बाजूला बाई बसतील. बाईंनी ही लढत पाहिलेली नाही, जोन्स कोण हे त्यांना माहीत नाही, आणि त्यांनी आपले सगळ्यांचे पेपर तपासलेले आहेत.

जेवण साडेबाराला आहे. दीडला वर्गात या.