खान्देशात उतरा, मुक्काम करा



मुंबईहून नागपूरला, भोपाळला, कोलकात्याला निघालेल्या कितीतरी गाड्या जळगाव-भुसावळवरून जातात. मुंबई-आग्रा रस्त्यानं इंदूरकडे निघालेला माणूस धुळ्यातून जातो. त्यामुळे ‘आम्ही काही खान्देश पाहिलेला नाही’ असं म्हणणारे बरेच जण खान्देशातून अनेकदा गेलेले असतात. अजिंठ्याचे प्रवासी तर जळगावलाच उतरतात. सुमारे साठ किलोमीटरवरची लेणी पाहतात आणि रात्रीची गाडी धरतात. अजिंठा पाहावाच, त्याबद्दल वाद नाही. पण घरातलं कुणी मुलाकडे टोरांटोला निघालं, की नायगारा कोणत्या दिवशी, जेवायचं कुठे, हे सगळं महिनाभर आधी ठरतं. त्याच्या निम्मी तयारी जळगाव-धुळ्यासाठी केली तर काय हाती लागेल, ते आज मला सांगायचं आहे.

खान्देशात डोळे दिपवणारे राजवाडे नाहीत. इथे पैसा आला तो कपाशीतून, तेलबियांतून, केळीतून आणि सराफीतून. त्यातला एक चांगला हिस्सा पिढ्यान्‌पिढ्या शाळांत, ग्रंथसंग्रहांत आणि अभ्यासाच्या जागांत गेला. इथे फिरताना हे ध्यानात ठेवलं, की एरवी नुसती जुनी इमारत वाटेल ती जागा बोलू लागते.

याचा सर्वांत जुना पुरावा चाळीसगावपासून अठरा-वीस किलोमीटरवर, गौताळा अभयारण्यातल्या पाटणादेवीला आहे. भोवती सह्याद्रीचे कडे, पावसाळ्यात धबधबे, आणि मध्ये चंडिकादेवीचं प्राचीन दगडी मंदिर. बहुतेक लोक दर्शन घेतात, डबा उघडतात आणि परततात. पण इथल्याच पाटण गावी शके ११२८चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या अगदी आरंभीचा शिलालेख आहे. ‘लीलावती’ आणि ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव. त्यानं आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून इथे मठ स्थापन केला, त्याची ही नोंद. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांपुढे आणला. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे, पण शेवटी शेवटी तो जुन्या मराठीत शिरतो. आणि मराठीत काय आहे? तर पाटणच्या बाजारातल्या खरेदी-विक्रीवर आणि तेलाच्या घाण्यांवर मठासाठी लावून दिलेले हिस्से. गणिताच्या शाळेचा खर्च बाजारानं उचलायचा, अशी लेखी व्यवस्था आठशे वर्षांपूर्वी या डोंगरात झाली. खान्देशात मला एकच जागा दाखवायची झाली, तर मी हीच दाखवीन.

चाळीसगावात परत आलात की रेल्वे स्टेशनजवळ कलामहर्षी केकी मूस यांचं घर आहे. हा पारशी कलावंत १९१२ साली जन्मला आणि १९८९ साली गेला. आयुष्याची अनेक दशकं ते या घराबाहेर क्वचितच पडले. टेबलावर मांडलेल्या छोट्या-छोट्या वस्तूंतून डोंगर, बर्फ, वाळवंट उभं करायचं आणि त्याचं छायाचित्र काढायचं, ही त्यांची खास विद्या. शिवाय चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्यांची कला. रात्री येणाऱ्या पंजाब मेलनं कुणीतरी येईल म्हणून ते रोज वाट पाहायचे, असं चाळीसगावकर सांगतात. ती गोष्ट तुम्हाला गावात ऐकायला मिळेलच. मी म्हणेन, गोष्टीपेक्षा छायाचित्रांना जास्त वेळ द्या. प्रकाश कसा वापरायचा हे शिकायला आजही तिथे जावं. जाण्याआधी चौकशी मात्र करा. अशी घरं मोजक्या माणसांच्या बळावर चालतात.

व्यापाराच्या पैशातून अभ्यासाची जागा, हा पाटणचा धागा अमळनेरलाही सापडतो. गिरणीमालक प्रताप शेठ यांनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. तत्त्वज्ञानाचं उच्च शिक्षण आणि संशोधन तालुक्याच्या गावी! साने गुरुजी प्रथम या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि मग तिथल्याच हायस्कुलात १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं शिक्षक होते. याच गावात १९४५ साली वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली. तीच पुढे विप्रो झाली. आता अमळनेरला मंगळग्रहाच्या मंदिरात मंगळवारी रांगा लागतात. रांगेतून मोकळे झालात की तासभर तत्त्वज्ञानाच्या या दुसऱ्या मंदिरालाही द्या.

जळगाव शहरात दोन ठिकाणं मी आवर्जून सांगतो. पहिलं, जुन्या जळगावातलं बहिणाबाई चौधरींचं राहतं घर. जन्म १८८०चा, जवळच्याच असोद्याचा. लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या. अक्षर ओळखत नव्हत्या. शेतात, जात्यावर, चुलीपुढे सुचलेलं मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी उतरवून घेतलं आणि त्या गेल्यावर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ते पुस्तक आलं. त्या घरात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. शाळेत कविता पाठ केलेली मुलं बरोबर असतील तर त्यांना इथे जरूर न्या. दुसरं ठिकाण जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ. उद्योजक भवरलाल जैन यांनी ते उभारलं. २०१२ साली तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्याही याच जिल्ह्याच्या. गांधीजींचं आयुष्य दालनामागून दालन उलगडत जातं. घाई करू नका, अर्धा दिवस काढा.

आता जेवणाकडे वळतो, कारण खान्देशात ‘कुठे खायचं’ यापेक्षा ‘कधी यायचं’ हे आधी ठरवावं लागतं. हॉटेलच्या पाटीवर बारा महिने सगळं लिहिलेलं असतं. खरी चव मात्र हंगामाची.

हिवाळा म्हणजे भरीत. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जळगावच्या केळीलाही त्याच साली. ही वांगी जांभळी नसतात. हिरवट-पांढरी, लांबट, वजनदार आणि बिया अगदी कमी. यावल तालुक्यातल्या बामणोदच्या वांग्यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी. गॅसवर भाजलेलं वांगं इथे कुणी भरीत म्हणून वाढणार नाही. शेतात कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा तुरीच्या काड्या, म्हणजे तुरखाट्या, पेटवायच्या आणि त्या जाळात देठासकट वांगी भाजायची. धुराचा वास गरात उतरला पाहिजे. साल काढून गर लाकडी बडगीत ठेचायचा. मग तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर. टोमॅटो नाही, लाल तिखट नाही. त्यामुळे भरीत शेवटपर्यंत हिरवट-पांढरंच राहतं. बरोबर कळण्याची भाकरी: ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली. कुणी पुऱ्या करतात. पानात कच्चा कांदा आणि मुळा असतोच.

थंडी पडली की जळगावात तयार भरीत किलोवर विकणारी दुकानं गजबजतात, आणि शेताशेतांतून भरीत पार्ट्या होतात. कुणाची ओळख निघाली आणि शेतावर बोलावणं आलं, तर बाकीचा कार्यक्रम बाजूला ठेवा आणि जा. शेकोटीभोवती बसून खाल्लेल्या त्या जेवणाची सर दुकानातल्या डब्याला येत नाही, मग दुकान कितीही नावाजलेलं असो. याच दिवसांत मेहरूणची बोरं येतात. मेहरूण तलाव जळगावातच आहे. सकाळी तिकडे फेरी मारा आणि येताना बोरं घ्या.

उन्हाळ्यात येणाऱ्याला आधीच सांगतो, भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तरीही वैशाखात येण्याचं एक सबळ कारण आहे, ते म्हणजे आखाजी. अक्षय तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात आणि घरोघर खापरावरचे मांडे होतात. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवत, कोपरापर्यंत घेत मोठी करायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायची. पोळपाट-लाटण्यानं एवढी मोठी आणि एवढी पातळ पोळी होणारच नाही. वाटीत आमरस. हे हॉटेलात मागू नका. मांडे करून देणाऱ्या बायका जळगावात आणि धुळ्यातही आहेत; त्यांना आदल्या दिवशी सांगावं लागतं. कष्टाचं आणि हातखंड्याचं काम आहे, सांगतील तो दाम आनंदानं द्या.

बारमाही मिळणारं म्हणाल तर शेवभाजी. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा, त्यात जाड तिखट शेव, आणि ती विरघळायच्या आत जेवण उरकायचं. महामार्गावरच्या ढाब्यांवर ती उत्तम मिळते. पाटवड्यांचा रस्सा, फुणके आणि कढी, वरण-बट्टीबरोबर वांग्याची घोटलेली भाजी, हे घरच्या जेवणात किंवा भंडाऱ्याच्या पंगतीत खावं. मटण खाणाऱ्यांनी धुळ्याकडे काळ्या मसाल्याचा रस्सा आणि ज्वारी-बाजरीची भाकरी मागावी. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा, कमी वाढतात. आणि बरोबर न्यायला केळीचे वेफर्स, ज्वारीच्या बिबड्या.

आता धुळ्याकडे. हे शहर आखीवरेखीव आहे. १८१८ साली खान्देश इंग्रजांकडे गेला. त्यानंतर ब्रिग्ज या अधिकाऱ्यानं जिल्ह्याचं ठाणं इथे आणलं आणि पेठ वसवली. त्या सरळ गल्ल्यांना आजही नंबरांनीच ओळखतात. या शहरात दोन मोठे ठेवे आहेत. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यात वारले. जन्मभर गावोगाव फिरून, दप्तरं धुंडाळून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधनं बावीस खंडांत छापली होती. त्यांच्या निधनानंतर लगेच, १९२७ साली, धुळेकरांनी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ काढलं. तिथे कागदपत्रं आणि वस्तुसंग्रहालय, दोन्ही आहे. दुसरा ठेवा समर्थ वाग्देवता मंदिर. शंकरराव देव यांनी मठामठांतून मिळवलेली समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं तिथे आहेत, आणि रामदासांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं वाल्मीकि रामायणही. मराठी माणसानं पुणे-साताऱ्याच्या वाऱ्या करताना धुळं विसरावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शहराबाहेर दहाएक किलोमीटरवर, आग्रा रस्त्यालगतच लळिंगचा किल्ला आहे, फारुकी सुलतानांच्या काळातला. चढण फार नाही, सकाळी चढावं. उलट दिशेला सोनगीर. तिथेही किल्ला आहे, आणि गावात तांब्या-पितळेची भांडी घडवणारे कारागीर. त्याच फारुकींची पहिली राजधानी तापीकाठचं थाळनेर, आणि हेच लता मंगेशकरांचं आजोळ. पांझरेच्या काठानं साक्रीकडे गेलात तर फड पद्धतीचे बंधारे दिसतील. छोटा बंधारा, पाटानं येणारं पाणी, एका फडात सगळ्यांचं एकच पीक आणि पाणी वाटून देणारा गावानं नेमलेला पाटकरी. सरकारी कालवे येण्याच्या कितीतरी आधीची ही व्यवस्था. विश्वेश्वरय्या १८८४ साली नोकरीला लागले, तेव्हा त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक याच पांझरेच्या खोऱ्यातलं होतं: पाणी नळातून नदीपार नेण्याचं.

इतकं सगळं एका फेरीत होणार नाही. मी म्हणेन, एक मुक्काम जळगावला करा, एक धुळ्याला. चाळीसगाव आणि अमळनेर वाटेत घ्या. अजिंठा सोमवारी बंद असतो, त्या दिवशी जळगाव शहर पाहा. चांगदेव-मुक्ताईनगर, पद्मालय, मनुदेवी, बळसाणे या ठिकाणांसाठी पुन्हा यावं लागेल. गाडी-रिक्षावाल्याला पाटणच्या शिलालेखाबद्दल विचारा, वाग्देवता मंदिराचा पत्ता विचारा. विचारणारे वाढले, तरच या जागांची दारं रोज उघडी राहतील.

मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो. तेव्हा भरताची वांगी ऐन भरात असतात. त्या सुमाराची तिकिटं आत्ताच काढून ठेवा, आणि परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका.