खबर देणाऱ्याचं नुकसान होता कामा नये

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाबद्दल माझ्या आधी बोलून झालं आहे. मी आज गोठ्याबद्दल बोलणार आहे. बैल बसला तर वखर थांबतो, डवरा थांबतो, आणि पेरणीचा वाफसा कुणासाठी थांबत नाही. म्हणून ढोरांच्या रोगाची खबर कुणी, कुणाला आणि कशी द्यायची, हा विषय मी मुद्दाम घेतला आहे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. २०२२ साली लम्पी आला. आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याच्या बैलाच्या अंगावर गाठी आल्या, पाय सुजले. त्यानं तो बैल पऱ्हाटीच्या ढिगामागे नेऊन बांधला आणि कुणाला सांगितलं नाही. आठ-दहा दिवसांत शेजारच्या चार गोठ्यांत गाठी दिसू लागल्या. तेव्हा सगळं गाव त्याच्यावर तुटून पडलं. मी त्याला विचारलं, "का लपवलंस?" तो म्हणाला, "साहेब, सांगितलं असतं तर बाजार बंद झाला असता. माझी दुसरी गाय विकायची होती, कृषी केंद्राची उधारी होती. आणि सांगून मला काय मिळालं असतं?"

त्याला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यानं त्याच्यापुरता हिशोब बरोबर केला होता. खबर दिली की तोटा त्याचा एकट्याचा आणि फायदा साऱ्या गावाचा. असा व्यवहार असेल तर लोक लपवणारच. रोगाचं फावतं ते इथेच.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम २००९ सालचा आहे. त्याचं कलम ४ सांगतं, की अनुसूचीतल्या रोगाचा संशय आला की मालकानं, किंवा ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्यानं, ग्राम अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवलंच पाहिजे. तिथून जवळच्या पशुवैद्यकाला लेखी खबर जाते, आणि पशुवैद्यकानं ती वरच्या अधिकाऱ्याला द्यायची असते. शेजारच्या राज्यांना सावध करणं हे संचालकाचं काम. कलम ५ प्रमाणे आजारी जनावर वेगळं बांधणं हेही मालकाचं कर्तव्य आहे. कायदा मोडला तर दंड आहे.

अनुसूचीत काळपुळी आहे, लाळ्या-खुरकूत, घटसर्प, लम्पी, पिसाळ, सांसर्गिक गर्भपात आहे. शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर आणि देवी, कोंबड्यांची मानमोडी आणि बर्ड फ्लू आहे. संशय पुरेसा आहे. रोग ओळखून सिद्ध करण्याची जबाबदारी आपली नाही, ते डॉक्टरचं आणि प्रयोगशाळेचं काम.

हा कळवण्याचा नियम साहेबांनी उगाच काढलेला नाही. १९२० साली आपल्या देशातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची जनावरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि तिथे बुळकांडी पसरली. युरोप हादरला. १९२४ साली २८ देशांनी मिळून पॅरिसला जनावरांच्या रोगांची जागतिक कचेरी काढली. आजही नवा मोठा रोग नक्की झाला की सदस्य देशानं २४ तासांत तिथे कळवायचं असतं. बुळकांडीनं आपल्या आजोबा-पणजोबांचे गोठे रिकामे केले होते. लस टोचत, गावोगाव विचारत फिरून तिचा माग काढला गेला. १९९५ नंतर आपल्या देशात ती दिसली नाही आणि २०११ साली ती जगातून गेल्याचं जाहीर झालं. लस होतीच, पण रोग कुठे आहे हे कळल्याशिवाय लस टोचणार कुठे?

खबर वेळेवर देण्यात आपलाही फायदा असतो, तो दोन उदाहरणांत पाहा.

पहिलं लम्पीचं. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात रोग दिसला आणि सप्टेंबरात सारं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. बाजार, जत्रा, शर्यती बंद झाल्या. सरकारनं मदत ठरवली: दुभत्या गाईला ३०,००० रुपये, बैलाला २५,०००, वासराला १६,०००. या पैशात बरा बैल येतो का, ते तुम्हीच सांगा. पण ज्याच्या जनावराची नोंद नाही, पंचनामा नाही, त्यानं तेवढ्यावरसुद्धा पाणी सोडलं.

दुसरं कोंबड्यांचं. बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा २००६ साली नंदुरबारच्या नवापूरला आला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला शेकडो कोंबड्या मेल्या आणि तोच रोग निघाला. इथे नियम असा, की सरकारनं रोग आवरायला मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. आधीच रोगानं मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे चार दिवस लपवले तर त्या चार दिवसांचा तोटा आपल्याच पदरात.

आता गोठ्याबाहेर, रानात चला. रोग कुंपण ओळखत नाही. मुरुंब्याच्या आधी, डिसेंबर २०२० मध्ये राजस्थानात झालावाडला कावळे मरून पडले होते. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे मेले, तो बर्ड फ्लू निघाला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगानं दगावले. कावळा मरतो तेव्हा तो आपल्या कोंबड्यांसाठी सूचना देऊन जातो. ती वाचायची की झाडून टाकायची, हे आपल्या हातात आहे.

पण रानातल्या जनावराचं कळवायचं कुणी? २००९ च्या कायद्याच्या यादीत गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, कोंबडी, अगदी मधमाशीसुद्धा आहे. रोही, रानडुक्कर, मोर यांची नावं तिथे नाहीत. केंद्र सरकारला अधिसूचनेनं ती घालता येतात. रोही आपली तूर खातो तेव्हा त्याला मालक नसतो. तोच आपल्या धुऱ्यावर मरून पडला, की १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता होतो! असं जनावर कुणाच्या ताब्यात आलं तर ४८ तासांत पोलीस ठाण्याला किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्याला कळवायचं, असं तेच कलम सांगतं.

इथे शेतकरी घाबरतो. "तारेत करंट सोडला होता का? विष घातलं होतं का?" हे प्रश्न आधी येतील म्हणून तो मेलेलं रानडुक्कर रातोरात नाल्यात ढकलतो. कुत्री ते ओढतात आणि तीच कुत्री आपल्या गोठ्यात येतात. ज्यानं करंट लावला त्याची वकिली मी करणार नाही. त्या तारेला आपलीच माणसं मेली आहेत. पण ज्यानं स्वतः होऊन खबर दिली त्याला पहिला आरोपी धरलं, तर पुढची खबर येणार नाही.

त्याच वन्यजीव कायद्यात १९९१ साली कलम ३३ अ घातलं गेलं. अभयारण्यात आणि त्यापासून ५ किलोमीटरच्या आतल्या पाळीव जनावरांना संसर्गजन्य रोगांची लस टोचण्याची व्यवस्था करणं हे मुख्य वन्यजीव रक्षकाचं काम आहे. टिपेश्वर, मेळघाट, ताडोबाच्या कडेच्या गावांनी विचारावं, की आमच्या गावात ही लस कधी आली होती?

आता गावी गेल्यावर काय करायचं ते सांगतो.

एक. खबर लेखी द्या. दोन प्रती करा, एकीवर तारखेसह सही-शिक्का घ्या. २०१७ साली बोंडअळीच्या वेळी आपण जी फॉर्म भरले; कागदाशिवाय कुणी दाद देत नाही हे तेव्हाच शिकलो. तातडीनं १९६२ वर फोन करा, पण फोनमुळे कागद टळत नाही.

दोन. आजारी जनावर वेगळं बांधा. त्याची वैरण, पाणी, टोपलं वेगळं ठेवा. बाजारात नेऊ नका, कळपात सोडू नका.

तीन. धडधाकट जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून न गोठणारं काळसर रक्त आलं, तर काळपुळीचा संशय धरा. ते फाडू नका, सोलू नका, ओढत नेऊ नका. हवा लागली की त्या रोगाचे बीजाणू तयार होतात, मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि माणसालाही बाधतात. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे चुना टाकून खोल पुरा.

चार. रानातलं जनावर किंवा एका जागी बरेच पक्षी मेलेले दिसले, तर हात लावू नका. वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे. पोलीस पाटलाला सोबत घेऊन कळवा आणि वेळ लिहून ठेवा.

पाच. ग्रामपंचायतीत मेलेल्या जनावरांची एक वही ठेवा. तारीख, गोठा, लक्षणं, कुणाला कळवलं. एका गोठ्यात कळत नाही ते दहा नोंदी एका पानावर आल्या की कळतं.

आणि सरकारकडे आपलं मागणं सरळ आहे. खबरेची पोच मिळालीच पाहिजे. डॉक्टर किती तासांत येणार ते ठरलं पाहिजे. नमुना नेला तर निकाल गावाला लेखी कळला पाहिजे. बाजार बंद करायचा तर ज्याचं जनावर अडकलं त्याच्या तोट्याचा विचार झाला पाहिजे. मदत बाजारभावाशी जोडली पाहिजे. आणि रानातल्या मेलेल्या जनावराची खबर देणाऱ्यावर, पुरावा नसताना, केवळ खबरेवरून संशय घेता कामा नये.

कळवण्याचं कर्तव्य आम्ही पाळू. त्याची किंमत मात्र एकट्या शेतकऱ्यानं मोजू नये. पऱ्हाटीमागे बैल बांधणारा तो शेतकरी आज या मांडवात बसला आहे. पुढच्या वेळी त्यानं बैल उजेडात बांधावा असं वाटत असेल, तर पहिल्या दिवशी त्याच्या गोठ्यासमोर आपण भांडायला नव्हे, अर्ज लिहायला जमलं पाहिजे. ही वही येत्या ग्रामसभेत सुरू करा आणि पुढच्या मेळाव्याला सोबत घेऊन या.