बोटांची नवी शाळा



१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्या काळात टायपिंग हे नोकरीचं मोठं साधन होतं. मराठीत मिनिटाला ३० आणि इंग्रजीत ४० शब्दांची परीक्षा द्यायची नि प्रमाणपत्र अर्जाला जोडायचं. त्या मशीनवर तयार झालेली कितीतरी मंडळी आज पन्नाशीपुढे आहेत. त्यांच्यापुढे आता नवा कळफलक आहे आणि बोटं मात्र जुनीच आहेत.

अडचण कुठे येते? आपल्याच गावाचं नाव घ्या. ‘हिंगोली’ लिहिताना मशीनवर आधी वेलांटी मारायची, मग ‘ह’. जसं दिसतं तसं टाइप करायचं. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ मध्ये आणलेली इनस्क्रिप्ट रचना मात्र उच्चाराप्रमाणे चालते. आधी ‘ह’, मग वेलांटी, अनुस्वार, ‘ग’, ओकार, ‘ल’ आणि दीर्घ वेलांटी. सात कळा, झालं गाव! स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ‘क’च्याच कळीवर शिफ्टसह ‘ख’, ‘ग’च्या कळीवर ‘घ’. समजायला सोपं आहे, पण बोटांची वर्षानुवर्षांची सवय आडवी येते.

त्यात हल्ली मेकॅनिकल कीबोर्ड आले आहेत. त्यात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग असते. टकटक आवाज ऐकून जुन्या टायपिस्टला आपलं मशीनच परत आल्यासारखं वाटतं आणि तो जोरात ठोकू लागतो. इथे ठोकायची गरज नसते. कळ साधारण चार मिलिमीटर दबते, पण अक्षर बहुधा निम्म्या वाटेवरच उमटतं. हलका हात ठेवला तर मनगटही दुखत नाही.

सराव कसा करावा? घरी आणि कार्यालयात एकच रचना ठेवावी. घरी एक, तिकडे दुसरी, असं केलं की बोटं दोन्हीकडे अडखळतात. रोज वीस मिनिटं पुरेत. दोन कळांवर बारीक उंचवटे असतात, त्यांवर तर्जनी ठेवाव्यात. डावीखाली ऱ्हस्व वेलांटी, उजवीखाली ‘र’. तिथून न बघता बाकीच्या कळा शोधाव्यात. आधी अचूकपणा साधावा, वेग मागून येतो.

आणि एक विनंती साहेब मंडळींना. सुरुवातीचे काही आठवडे हा माणूस मागे पडेल. तेवढ्यावरून त्याच्या हातचं काम काढून घेऊ नका. पत्राचा मसुदा कसा असावा, सातबाऱ्यावरच्या नावात एक वेलांटी चुकली तर शेतकऱ्याला किती खेटे पडतात, हे त्याला ठाऊक आहे. ही जाण कुठल्याही कळफलकासोबत विकत मिळत नाही. वेग सरावानं परत येईल. तोवर त्याला थोडी उसंत द्या.