मायबाप नव्हे, कारभारी

(बारामती-इंदापूर भागातल्या वस्त्यांच्या बैठकीतलं भाषण, बोललं तसं उतरवून)



आपल्या तोंडात एक शब्द बसलाय, 'मायबाप सरकार'. साहेबाच्या दारात गेलं की हात आपोआप जुळतात. राजाच्या राज्यात रयत असायची. आपण रयत नाही, नागरिक आहोत. १९५० पासून जे संविधान चालू आहे ते लोकांच्या नावानं सुरू होतं, सरकारच्या नावानं नाही. म्हणजे मालक आपण, सरकार आपला कारभारी. कारभाऱ्याला मान द्यावा, पण हिशेबही मागावा.

इथलंच बघा. नीरेचा डावा कालवा इंग्रजांच्या काळातला. त्यावर बारामती-इंदापूरचा ऊस उभा आहे. आवर्तन लांबलं तर बागायतदार रडत बसत नाही, हक्कानं पाणी मागतो. त्याच तालुक्यांत माळावर पाल टाकून राहणारा पारधी मात्र पायाखालच्या जमिनीसाठी दया मागतो. असं का? इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढं पारधीही त्यात आले, जन्मानंच गुन्हेगार ठरले. १९५२ ला तो कायदा गेला, भीती राहिली. भ्यालेला माणूस हक्क मागत नाही, भीक मागतो.

२००६ च्या वनहक्क कायद्यात आपल्यावर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं सरकारनंच लिहून ठेवलंय. तो कायदा नवा हक्क देत नाही, मुळात असलेला हक्क मान्य करतो. म्हणून आपण भरतो तो अर्ज नाही, दावा आहे. अर्जात विनवणी असते, दाव्यात हक्क.

माळ वनखात्याचा की गायरान, हे सातबारा काढून आधी बघा. गायरानाचा प्रश्न वेगळा आहे. वनजमीन असेल आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून तुमच्या ताब्यात असेल, तर आदिवासी दावा करू शकतो. इतरांना तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. मेंढपाळांची चराईही कायद्यात आहे. सुप्याच्या मयूरेश्वरसारख्या अभयारण्यालाही हा कायदा लागू आहे.

दावा आधी ग्रामसभेपुढं येतो. दोन पुरावे जोडा. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब, जुनी विहीर, दफनाची जागा, हेही पुरावेच. पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा आणि ६० दिवसांत अपील करा.

पण एक ध्यानात ठेवा. मालक झोपला की कारभारीच मालक होतो. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी माणसं लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. आपणच गेलो नाही, तर कारभाऱ्याला हिशेब विचारणार कोण? साहेबापुढं हात जोडण्यापेक्षा ग्रामसभेत हात वर करा.

जिंदाबाद!