काटा आणि टाकी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या शहरी मराठी माणूस व्याख्यानास उभा राहिला की विषय संगीताचा असणार, अशी श्रोत्यांची सहज समजूत होते. आणि ती वावगी नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांनी 1926 साली येथे मॅरिस संगीत महाविद्यालय उभे राहिले, तेव्हापासून लखनौशी आपले नाते मुख्यतः सुरांचेच राहिले आहे. आमच्या गळ्याची मात्र तेवढी योग्यता नाही. आम्ही बी.ए., विषय तर्कशास्त्र. त्यानंतर अठ्ठावीस वर्षे केंद्र सरकारच्या सेवेत टिपणे लिहिण्यात गेली. तेव्हा आज आम्ही बोलणार आहोत ते एका जुन्या मोटारबोटीतील बिघडलेल्या इंधनमापकाविषयी. विषय ऐकून पुढच्या रांगेत हसू उमटलेले दिसते. शेवटपर्यंत ते टिकले तर आनंद वाटेल. पण खात्री देववत नाही.

आपली गोमती ही एरवी शांत नदी. पिलिभीत जिल्ह्यात माधोटांड्याजवळ उगम पावून सुमारे 900 किलोमीटर वाहत जाऊन ती गंगेस मिळते. हिमालयातील बर्फाचे पाणी तिच्या वाट्यास येत नाही. पाऊस आणि भूगर्भातील झरे यांवरच तिचा संसार चालतो. उन्हाळ्यात ती इतकी कृश होते की नवख्या माणसाला तिचे भय वाटू नये. पण 1960 साली हीच नदी शहराच्या मध्यवस्तीत शिरली होती, हे येथील जुनी माणसे विसरलेली नाहीत. अशा नदीच्या पाण्याची मोजदाद ज्यांना करावी लागते, त्यांना बोट ठेवणे भाग असते. आमच्या कार्यालयाकडेही एक होती. फायबरग्लासची, वीस वर्षे वापरलेली. मागे पेट्रोलवर चालणारे इंजिन, आणि तळफळ्यांखाली 80 लिटरांची ॲल्युमिनियमची पक्की टाकी. बोट चालविणारे नावाडी कुडिया घाटाच्या बाजूचे, वयाने आमच्याहून वडील. नदी त्यांना तळहातासारखी ठाऊक. बोटीची कागदपत्रे मात्र आमच्याकडे.

एका पावसाळ्याच्या आरंभी त्यांनी कळविले की टाकीचा काटा हलत नाही. आम्ही नियमानुसार तीन दरपत्रके मागविली आणि नवा मापक बसवून दिला. नवा काटाही अर्ध्याच्या किंचित वर जाऊन थांबला. नावाड्यांनी पुन्हा अर्ज केला, की दोष मापकात नसून टाकीतील फ्लोटमध्ये आहे, तो बदलावा. त्यावर आम्ही स्वहस्ते शेरा मारला : ‘मापक नुकताच नवीन बसविला असता पुन्हा खर्च करण्याचे औचित्य स्पष्ट करावे.’ एवढ्यावर न थांबता, काटकसरीच्या उत्साहात आणखी एक आदेश काढला : ‘काटा अर्ध्याच्या खाली आल्याखेरीज पेट्रोल देण्यात येऊ नये.’

श्रोत्यांपैकी जे तर्कशास्त्र शिकलेले नाहीत, त्यांनाही या दोन वाक्यांचा एकत्रित परिणाम कळला असेल. काटा अर्ध्याच्या खाली कधीच येणार नव्हता. टाकीत काठी घालून पाहावे, तर पेट्रोल भरण्याची नळी वाकडी. काठी मध्येच अडे. नावाडी बिचारे इंजिन किती तास चालले त्यावरून अंदाज बांधीत, आणि दोनदा त्यांनी तसे तोंडी सांगितलेही. आम्ही त्यांना नोंदवहीतील काट्याच्या नोंदी दाखविल्या. त्या सर्व त्यांच्याच हातच्या होत्या!

भाद्रपदातील एका दुपारी, नदी तुडुंब असताना, पक्क्या पुलाच्या वरच्या अंगास बोटीचे इंजिन बंद पडले. बोटीत चौघे होते. दोन तरुण नुकतेच नोकरीस लागलेले, आणि त्यांतील एकाला पोहता येत नव्हते. 1914 साली खुला झालेला तो पूल आपण रोज पाहतो, त्याच्या कमानींचे सौंदर्य पाहुण्यांना दाखवितो. पण पुरात बोट आडवी होऊन त्या खांबांवर गेली तर काय होते, ते नदीकाठच्या माणसालाच विचारावे. नावाड्यांनी नांगर टाकला. तो काही अंतर गाळातून ओढला गेला, आणि मग धरला. घाटावरील मल्लाहांनी दोर घेऊन नाव आणली. आम्ही त्या वेळी कार्यालयात पंख्याखाली बसून इंधनबचतीचा तिमाही अहवाल तयार करीत होतो.

वृत्त कळताच आम्ही घाटावर धावलो. चौघेही सुखरूप होते. नावाड्यांनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. त्यांनी फक्त किल्ली फिरविली आणि म्हणाले, “साहब, काँटा तो अब भी आधा दिखा रहा है।”

या वाक्यानंतर आम्हांस झोप कशी ती लागेना. दोषाचे परिमार्जन टिपणाने होणारे नव्हते. म्हणून पुढील दुरुस्तीच्या वेळी आम्ही स्वतः मिस्त्रींच्या शेजारी बसलो आणि जे शिकलो ते आज सांगतो. आपल्यापैकी कोणाची जुनी मोटार, जनित्र वा बोट असेल तर उपयोगी पडेल.

इंधनमापकाचे दोन भाग असतात. एक समोर दिसतो, दुसरा टाकीत दडलेला असतो. घरच्या पाण्याच्या टाकीत जसा तरंगता गोळा असतो, तसाच येथेही एका दांडीच्या टोकास असतो. पेट्रोलाबरोबर तो वरखाली होतो. दांडीचे दुसरे टोक तारेच्या वेटोळ्यावरून सरकते आणि विजेच्या वाटेतील रोध कमीजास्त होतो. जुन्या रेडिओचा आवाज लहानमोठा करण्याच्या बटणात हेच तत्त्व आहे. समोरचा काटा फक्त हा रोध वाचतो. टाकी त्याने कधी पाहिलेलीच नसते.

दोष कोणत्या भागात आहे हे ठरविण्याची युक्ती सोपी आहे. मापकाच्या पाठीमागे टाकीकडून आलेली तार सोडवावी. आमच्या जातीच्या मापकात काटा रिकाम्यावर जावा. मग त्या तारेचा खिळा भूतारेस जोडावा; काटा पूर्ण भरल्यावर जावा. दोन्ही झाले तर मापक निर्दोष. ही चाचणी मापकापाशीच करावी, टाकीपाशी नव्हे. कारण ठिणगी पडते. पेट्रोलाची वाफ हवेहून जड असते, ती बोटीच्या तळाशी साचून राहते आणि वासाने कळेलच असे नाही. टाकी उघडण्यापूर्वी बॅटरी सोडवून फळ्या काढून बोट मोकळ्या हवेत बराच वेळ ठेवावी, आणि विडीकाडीवाल्यांना दूर बसवावे. आमच्या मापकाने ही परीक्षा पाच मिनिटांत उत्तीर्ण केली. ती नवा मापक घेण्यापूर्वी केली असती तर पैसे वाचले असते. आणि पुष्कळ काही वाचले असते.

पाच स्क्रू काढून फ्लोट बाहेर घेतला. पावसाळा सरला की बोट आठ महिने उभी, टाकीतील पेट्रोल शिळे. त्याचा डिंकासारखा थर सांध्यावर बसून दांडी अर्ध्यावर जखडली होती. गोळा हाताने दाबला तरी हलेना. बुचाची चकतीही कुजून भुगा झाली होती. पेट्रोलात आता इथेनॉल मिसळतात. 2022 मध्ये देशभरात ते प्रमाण 10 टक्क्यांवर पोहोचले, पुढे 20 पर्यंत गेले. जुन्या बोटीतील रबर आणि बूच यांना ते मानवत नाही. म्हणून नवी चकती इंधन सोसणाऱ्या रबराची घ्यावी.

नवा फ्लोट घेताना आम्ही आणखी एकदा फसत होतो. लाटूश रोडवर शोध घेता एका दुकानात अगदी तसाच दिसणारा मिळाला. मिस्त्रींनी तो टाकीत घालण्यापूर्वी तारा जोडून हाताने वर केला, तर काटा खाली गेला! अमेरिकन पद्धतीत रिकाम्या टाकीस रोध 240 ओहम आणि भरलेलीस 33. युरोपीय पद्धतीत रिकाम्यास 10 आणि भरलेलीस 180. म्हणजे तो फ्लोट बसविला असता तर टाकी कोरडी पडताच काटा ‘पूर्ण’ दाखविता. जोडी एकाच पद्धतीची हवी. टाकीची खोली मोजून दांडीची लांबी बेतावी, गोळा भिंतीस घासत नाही हे पाहावे. भोकांमधील अंतर मुद्दाम असमान ठेवलेले असते, त्यामुळे फ्लोट एकाच दिशेने बसतो. जुळत नसेल तर बळ न लावता फिरवून पाहावा. स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे आवळावेत, आणि भूतार विसरू नये.

शेवटी दहा-दहा लिटर पेट्रोल मोजून ओतले आणि प्रत्येक वेळी काट्याची जागा लिहून ठेवली. टाकी खाली निमुळती होती. काटा अर्ध्यावर आला तेव्हा आत होते तीसच लिटर! ते कोष्टक आजही मापकाखाली चिकटविलेले आहे. तो आदेश आम्ही त्याच आठवड्यात रद्द केला. आता पेट्रोल नावाड्यांच्या मागणीवरून मिळते.

आणखी एक गोष्ट सांगावी की नाही, याचा आम्ही बराच विचार केला. आमची आई गुहागराकडे एकटी राहते. दर रविवारी दूरध्वनीवर आम्ही विचारीत असू, आणि उत्तर येई, “मी बरी आहे हो, तुम्ही सगळे सांभाळा.” वर्षानुवर्षे तेच उत्तर, तोच स्वर. बोटीच्या त्या प्रसंगानंतरच्या एका रविवारी ते ऐकता ऐकता आम्हांस एकाएकी तो काटा दिसला. कधीच न हलणारा. आम्ही रजा टाकून गेलो. तिच्या एका डोळ्याने दिसणे कधीच थांबले होते, दुसऱ्याचेही कमी झाले होते. देवापुढील निरांजनाची वात ती बोटांनी चाचपून लावीत होती. मोतीबिंदू होता, शस्त्रक्रिया झाली, आता ती वर्तमानपत्र वाचते. “सांगितलं का नाहीस?” असे विचारले, तर म्हणाली, “इतक्या लांबून तू काय करणार होतास?”

बंधुभगिनींनो, आपण सारेच लांब राहणारी माणसे. आपल्या हाती काटेच असतात. ते टाकून देऊन चालणार नाही. पण टाकीपाशी बसलेला माणूस काही सांगू लागला तर त्याला नोंदवही दाखवू नये, आणि तो काहीच सांगेनासा झाला तर एकदा स्वतः जाऊन यावे, एवढेच आम्ही शिकलो.