वर्गाचं नाव बदलताना

मराठी विकिपीडियावरचं एखादं पान उघडलं की आपण मजकूर वाचतो आणि पुढे जातो. त्या पानाच्या अगदी तळाशी आणखी एक ओळ असते. 'वर्ग' असं लिहून पुढे काही नावं दिलेली असतात. वाशिम जिल्हा, वाशिम जिल्ह्यातील गावे, अशी. त्यातल्या एका नावावर बोट ठेवलं की त्या विषयाची सगळी पानं एका यादीत समोर येतात. ही ओळ चुकली, तर लेख कितीही चांगला असो, शोधणाऱ्याला तो सापडत नाही. म्हणून वर्गाचं नाव बदलणं हे किरकोळ काम आहे, असं मी मानत नाही. आणि ते समजून घ्यायला आपल्या वाशिमइतकं चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

कारण हा जिल्हा दोनदा जन्मला. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडात वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता. वाशिम, मंगरूळ आणि पुसद हे त्याचे तालुके. १९०५ साली तो मोडला. वाशिम आणि मंगरूळ अकोल्याला जोडले गेले, पुसद यवतमाळकडे गेला. पुढे १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम पुन्हा वेगळा झाला. आज त्यात वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके आहेत. पुसद मात्र यवतमाळातच राहिला.

आता माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांचं पान घ्या. त्यांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातल्या गहुलीचा. दहा वर्षं आधी जन्मले असते तर जन्मजिल्हा वाशिम लागला असता. प्रत्यक्षात तो यवतमाळ आहे. हेच नाईक १९७७ साली लोकसभेवर निवडून गेले ते वाशिम मतदारसंघातून, आणि त्या वर्षी वाशिम नावाचा जिल्हा अस्तित्वातच नव्हता! म्हणजे 'वाशिमचे खासदार' या वर्गात ते हवेत, 'वाशिम जिल्ह्यात जन्मलेल्या व्यक्ती' या वर्गात नकोत. रिसोडचं तर आजही असंच आहे. जिल्हा वाशिम, पण लोकसभेला मत पडतं अकोल्याच्या उमेदवाराला. ग्रंथालयात पुस्तकाला एकच फळी मिळते. इथे एका पानाला हवे तितके वर्ग देता येतात, ही मोठीच सोय आहे. ती वापरायची, तर प्रत्येक नाव कोणत्या काळाचं आणि कोणत्या कामाचं, हे आधी ठरवायला हवं.

जुनी पुस्तकं समोर ठेवून लिहिणाऱ्याची इथेच अडचण होते. १९९१च्या जनगणनेत कारंजा अकोला जिल्ह्यात आहे, २०११च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्यात. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत.

नाव बदलण्याची कृती कशी होते, तेही सांगतो. वर्गाचं स्वतःचं एक पान असतं. ते नव्या नावाकडे हलवलं, तरी त्यातले लेख आपोआप मागे येत नाहीत, कारण जुनं नाव प्रत्येक लेखात वेगळं लिहिलेलं असतं. शेकडो गावांची पानं असतील तर शेकडो ठिकाणी दुरुस्ती करायची. त्यासाठी आपोआप चालणारे प्रोग्राम आहेत. मराठी विकिपीडियावर त्यांना 'सांगकाम्या' म्हणतात, आणि नाव अगदी समर्पक आहे. सांगितलं तेवढं तो करतो. 'अकोला काढ, वाशिम लाव' एवढंच सांगितलं, तर १९६० सालची अकोल्याची नोंदही तो बिनदिक्कत बदलून टाकील.

म्हणून माझा आग्रह आहे की जुनं नाव पुसू नये. त्या जागी नव्या नावाकडे नेणारी खूण ठेवावी. २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. जुनी कागदपत्रं हातात घेऊन येणारा माणूस यापुढेही जुन्याच नावाने शोधणार आहे. त्याला रिकामं पान दिसता कामा नये. वाशिमचं प्राचीन नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तो शब्द घेऊन येणारा विद्यार्थीही आजच्या वाशिमपर्यंत पोचला पाहिजे. मालेगाव म्हटलं की आधी नाशिकचं, शिरपूर म्हटलं की धुळ्याचं पुढे येतं. तिथे आपल्या मालेगावला जिल्ह्याची आणि अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या शिरपूरला 'जैन' या जोडनावाची साथ हवीच.

वर्गाच्या नावाने माणसं दुखावतातही. २०१३ साली इंग्रजी विकिपीडियावर अमेरिकन कादंबरीकारांच्या वर्गातून स्त्रियांची नावं काढून 'अमेरिकन स्त्री कादंबरीकार' अशा वेगळ्या वर्गात हलवली जात होती. अमांडा फिलिपाकी या लेखिकेच्या ते लक्षात आलं, न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यांनी लेख लिहिला आणि मोठा वाद झाला. मूळ वर्गात मग उरले कोण? पुरुष. वेगळा वर्ग करायला हरकत नव्हती. मुख्य यादीतून नाव काढणं हा अन्याय होता.

आपल्याकडे मला अशीच काळजी तांड्यांची, म्हणजे बंजारा वस्त्यांची, वाटते. मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, साऱ्या देशातला बंजारा समाज तिथे येतो. त्या भागात तांडे आहेत, त्यांना स्वतःची नावं आहेत, स्वतःचा नायक आणि कारभारी आहे. पण गावांची यादी महसुली गावांवरून केली, तर शेजारच्या गावात मोजला जाणारा तांडा तिच्यात येतच नाही. 'वाशिम जिल्ह्यातील गावे' हा वर्ग 'वाशिम जिल्ह्यातील गावे, तांडे व वस्त्या' असा करावा, असं मला मनापासून वाटतं. आणि हे काम पुण्या-मुंबईच्या संपादकांवर सोडू नये. मानोरा, मंगरूळपीर, कारंजा इथल्या महाविद्यालयांतली मुलं ते करू शकतात. खातं उघडायला पैसे लागत नाहीत, मोबाइलवरही लिहिता येतं. आधी त्या वर्गाच्या चर्चा पानावर आपला प्रस्ताव मांडावा, जाणकारांचं म्हणणं ऐकावं, आणि तांड्याचं नाव तिथली माणसं उच्चारतात तसंच लिहावं. सांगकाम्याला बोलवायचं ते त्यानंतर.