खिशातली वही



शाळा आमची चौथीतच सुटली. पुराव्याचा कायदा आम्हांला एका वहीने शिकवला. एका कारखान्यात प्रेसयंत्राची संरक्षक जाळी काढून ठेवली होती. कामगाराने मुकादमाला तीनदा सांगितले. चौथ्या दिवशी त्याची दोन बोटे गेली, आणि दुपारपर्यंत जाळी जागेवर बसलीही! मालक म्हणाले, ती होतीच.

पण गड्याच्या खिशात वही होती. तारीख, पाळी, यंत्राचा नंबर, कोणाला सांगितले, शेजारी कोण होते. आणि त्याच पानावर भाजीचा हिशेब. वकील हसले. आम्हांला वाटते, त्या मेथीच्या जुडीनेच वही खरी ठरवली. मागाहून बनावट लिहिणारा मेथी कशाला लिहील?

घडताच स्वतः केलेले टिपण पाहून साक्षीदाराने आठवण ताजी करावी, ही मुभा १८७२ च्या पुरावा कायद्यात होती. २०२३ च्या साक्ष अधिनियमातही आहे. मात्र ते टिपण समोरच्या वकिलालाही पाहता येते. म्हणून मुकादमाला शिव्या लिहू नका, घडले तेवढेच लिहा. आणि त्याच दिवशी. वही कारखान्यातल्या पेटीत तर मुळीच ठेवू नका. अपघातानंतर तुम्ही इस्पितळात असता, पेटी तिथेच असते.